फोन नसलेले वडीलधारे

“हे जोतिबा कोण आहेत?” निनाद सबनीसांनी विचारलं आणि ते शिंकले.

शिंकेचा प्रश्नाशी संबंध नव्हता. कोल्हापुरात आमचं ऑफिस एका कांडप गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. दिवस चैत्राचे होते आणि खाली अख्ख्या पेठेच्या वर्षभराच्या चटणीसाठी मिरची कुटली जात होती. आम्हाला सवय होती. सबनीस बेंगळुरूहून आले होते, त्यांना नव्हती. सकाळपासून ते एका हातानं लॅपटॉप चालवत होते आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल धरून बसले होते.

“जोतिबा म्हणजे जोतिबाच,” तौफीक म्हणाला.

“आडनाव?”

तौफीकनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

“तुमच्या ॲपवर या नावाची हजारो अकाउंट आहेत,” सबनीस म्हणाले. “त्याखालोखाल अंबाबाई. मग खंडोबा, बिरोबा, यल्लम्मा. एक म्हसोबा आहे, त्याच्यापुढं कंसात ‘बांधावरचा’ असं लिहिलंय. यातल्या एकाचाही फोन नंबर नाही. फोटो आहेत, पण सगळे हार घातलेले. वैजयंता मॅडम, मला खरं सांगा. ही खोटी अकाउंट तुम्ही दोघांनी बसून बनवलीत का?”

“वैजू, ह्यो माणूस आपल्याला चोर समजायलाय,” तौफीक मला म्हणाला, सबनीसांना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात.

सबनीस ज्या कंपनीकडून आले होते तिचं नाव मी घेत नाही. तुमच्या फोनमध्ये तिची दोन-तीन ॲप असतीलच. त्या काळात ती छोटी छोटी सोशल ॲप विकत घेत सुटली होती, आणि तिची नजर आमच्या ‘आवतण’वर पडली होती. दोन दिवसांनी सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी आमची माणसं खरी आहेत की नाहीत, हे बघायला सबनीस आले होते.

‘आवतण’ सुरू कसं झालं ते सांगते. मी हैदराबादला होते. नोकरी आणि नवरा, दोन्ही एकाच वर्षी सुटलं आणि मी कोल्हापूरला आईकडं परत आले. त्याच महिन्यात आमच्या भावकीत एक बारसं झालं आणि त्यात एका चुलत चुलत्याला बोलवायचं राहून गेलं. त्यावरून जे रामायण झालं, ते बघून मला वाटलं की या लोकांसाठी काहीतरी केलं पाहिजे. तौफीक मुजावर माझा इंजिनिअरिंग कॉलेजातला मित्र. तो वडिलांच्या दुकानात बसून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आम्ही दोघांनी मिळून एक ॲप बनवलं. लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, जे असेल त्याचं आवतण तिथून द्यायचं, सोबत निरोप लिहायचा, नंतर फोटो टाकायचे. कुणाला बोलावलं आणि कोण राहिलं, हे सगळ्यांना दिसणार, निरोप तेवढा ज्याचा त्यालाच. भांडायला जागाच ठेवली नव्हती.

त्यात एक नियम माझा होता. ॲपवर नवीन खातं उघडलं की आधी एक आवतण पाठवायचं, मगच पुढं जायचं. त्यामुळं माणसाला माणूस जोडला जाईल, असा माझा हिशेब होता.

दुसरी कल्पना तौफीकची. त्याच्या आज्ज्यांकडं फोन नव्हता, आणि आज्ज्यांना आवतण नाही म्हणजे त्यांच्याकडं जगबुडीच. म्हणून आम्ही एक वेगळा प्रकार केला, ‘फोन नसलेले वडीलधारे’. घरातल्या कुणीतरी आपल्या फोनवरून त्यांचं खातं उघडायचं. निरोप आला की तो त्यांना वाचून दाखवायचा आणि ‘वाचून दाखवलं’ असं एक बटण होतं ते दाबायचं.

आता आपल्याकडं पहिली पत्रिका कुणाला जाते? देवाला. हळदकुंकू लावून ती देव्हाऱ्यात ठेवायची, मग मामाला, मग बाकी गावाला. ॲपनं विचारलं, पहिलं आवतण कुणाला? लोकांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. देवाकडं फोन नाही, आणि देवापेक्षा वडीलधारं कोण? घराघरातून जोतिबा ‘वडीलधारे’ म्हणून नोंदले गेले. आमच्या हे पहिल्या दोन महिन्यांतच लक्षात आलं होतं. आम्ही पोट धरून हसलो आणि सोडून दिलं. मग एके दिवशी तौफीकला त्याच्याच अम्मीनं उघडलेलं ‘दर्ग्यातले बाबा’ हे खातं सापडलं, तेव्हा तो हसायचा थांबला आणि मी पुन्हा सुरू झाले.

हे सगळं मी सबनीसांना सांगितलं. त्यांनी रुमाल खाली घेतला.

“पण ही अकाउंट जिवंत आहेत,” ते म्हणाले. “रोज सकाळी सहा ते आठच्या मध्ये हजारो ठिकाणी एकदम ‘वाचून दाखवलं’ येतं. रोज. रविवारीसुद्धा. माणसं अशी वागत नाहीत, असं फक्त बॉट करतात.”

“ती पूजेची वेळ आहे.”

“रविवारी?”

“तुमच्याकडं देव रविवारी आंघोळ करत नाहीत का?”

ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाच ओळखलं. चौतिशीचा असेल, बारीक चणीचा, बोलणं पुणेरी पण मूळ साताऱ्याकडचं.

“मला पटतंय,” ते म्हणाले. “पण मला पटून उपयोग नाही, वरच्यांना पटलं पाहिजे. तुमची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अकाउंट देवांची आहेत. ती खोटी ठरली तर वरचे लोक अख्खा व्यवहार मोडतील. आणि मग तुमचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. एकेका लग्नाचे लोक शेकड्यांनी फोटो टाकायचे आणि ते ठेवायचा खर्च आम्हाला खात होता. लोकांकडून काही घ्यावं म्हटलं तर ‘आवतणाचे पैसे घेतात’ म्हणून कोल्हापुरात आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कुणी विकत घेतलं नाही तर दिवाळीपर्यंत ‘आवतण’ बंद करावं लागणार होतं.

“दोन रस्ते आहेत,” सबनीस म्हणाले. “एक म्हणजे ही सगळी अकाउंट पुसून टाका. जी उरतील ती शंभर नंबरी, त्यावर आपण पुढं जाऊ.”

“आणि दुसरा?”

“त्यात निरोप लिहिलेले आहेत. भरपूर आहेत, माणसांच्या अकाउंटपेक्षा जास्त. त्यातली शंभर अकाउंट आपण उघडू, निरोप वाचू, भाषांतर करून रिपोर्टला जोडू. यामागं खरी माणसं आहेत, हे वरच्यांना लगेच कळेल. नावं झाकू. तुम्हाला एका पैशाचाही तोटा नाही.”

तौफीकनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा खिडकीकडं.

कारण ते निरोपांचं खरं होतं, आणि आम्ही कुणाला सांगितलेलं नव्हतं. लग्न एका दिवसात संपतं, पण देवाला लिहिणं संपत नव्हतं. एकदा आवतण दिल्यावर लोकांच्या लक्षात आलं होतं की इथं लिहिलेलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि मग ते रोज लिहायला लागले होते. काय लिहीत होते ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही वाचलं नव्हतं. वाचता आलं असतं. त्याला कुलूप नव्हतं, माझ्या कीबोर्डवरून दोन ओळी टाकल्या की कुणाचंही खातं उघडलं असतं.

माझ्या आईचंही. तिच्या जोतिबाला रोज दुपारी तीनच्या सुमाराला एक निरोप जायचा. बारशी-लग्नं तर आमच्या घरात काही नव्हती. मी परत आल्यापासून तिनं मला हैदराबादबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि मीही सांगितला नव्हता. आम्ही दोघी भाजी, दूध आणि शेजारीण यांच्यावर बोलायचो. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. त्या निरोपांमध्ये काय असेल याचा मला चांगला अंदाज होता, म्हणूनच मी ते खातं कधी उघडलं नाही.

“जेवून घेऊ आधी,” मी म्हणाले. “इथं बसलात तर संध्याकाळपर्यंत तुमचं नाक हातात येईल. घरी चला.”

आमचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. पाहुणा येणार हे आईला सकाळीच सांगितलं होतं. तिनं अख्खा मसूर केला होता, ज्वारीच्या भाकरी, दह्यातला कांदा आणि आमटीभात. सबनीस संकोचून कडेला बसले. आई म्हणाली, “लाजताय काय? हात चालवा की. तुमच्या कंपनीत जेवत न्हाईत काय?” त्यावर ते हसले आणि भाकरी मोडली.

दोन घास झाल्यावर तौफीकला राहवलं नाही. “काकी, हे म्हणतात, लोकांनी देवाला लिहिलेलं उघडून वाचायचंय.”

आईचा वाढता हात थांबला. मसुराची पळी तिनं तशीच हवेत धरली होती.

“कुणाचं?”

“कुणाचंबी. शंभर घरांचं.”

“काकू, नावं दिसणार नाहीत,” सबनीस घाईनं म्हणाले. “नावं आम्ही झाकणार.”

“नावं कशाला लागत्यात? ‘माझी सासू’, ‘माझी पोरगी’ एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतंय.” तिनं पळी पातेल्यात ठेवली. “म्हंजे गाभाऱ्यात टेप लावल्यागतच झालं की हे.”

ती माझ्याकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. तिचे कान लाल झाले होते. माझी आई कुणाला घाबरणारी बाई नव्हे, गॅसवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना तिनं सरळ केलेलं आहे. पण त्या वेळी ती घाबरली होती, आणि ती या परक्या माणसाला घाबरली नव्हती. मला घाबरली होती.

मग घरात पाहुणा आहे हे तिला आठवलं. तिनं सबनीसांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली आणि आपल्याकडच्या सगळ्या आया नवीन माणसाला विचारतात तेच विचारलं.

“तुमचं कुलदैवत कुठलं म्हणायचं?”

सबनीसांनी हातातला घास खाली ठेवला. “मला नीट माहीत नाही, काकू. आईला माहीत आहे.”

“अवो, दुसऱ्याचे देव मोजायला एवढ्या लांब आलाय आणि घरचा म्हाईत न्हाई? विचारा की मग आईला. जिवंत हाईत न्हवं?”

“आहे, आहे. साताऱ्याला असते.”

“मग लावा फोन.”

आईनं सांगितल्यावर न ऐकणं अवघड असतं. सबनीसांचा उजवा हात मसुरानं भरलेला होता. त्यांनी डाव्या हातानं फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून फोन ताटाशेजारी ठेवला.

“निनाद?” पलीकडून बारीक, घाबरलेला आवाज आला. “दुपारचा कसा काय फोन? बरं नाही का तुला?”

“बरा आहे गं. एक विचारायचं होतं. आपलं कुलदैवत कोणतं?”

पलीकडून एकदम, “लग्न ठरवलंस का?”

तौफीकला ठसका लागला. सबनीसांची मान खाली गेली.

“नाही गं आई. एकांकडे जेवायला आलोय, त्यांनी विचारलं म्हणून.”

“असं होय.” आवाज पुन्हा खाली आला. “पालीचा खंडोबा. लहानपणी नेलं होतं तुला, भंडारा डोळ्यात गेला म्हणून रडला होतास. कुठं आहेस जेवायला?”

“कोल्हापूरला. ऑफिसचं काम आहे.”

“कोल्हापूरला? ते आवतणवाले आहेत तिथं?”

सबनीसांचा हात ताटात थांबला. “तुला आवतण कसं माहीत?”

“अरे, तुझ्या मावशीच्या वरदाच्या लग्नापासून आहे मी त्यावर. त्याशिवाय मांडवात घेत नव्हते ना कुणाला. खंडोबालाही घेतलंय मी. वरदानं उघडून दिलं खातं. रोज लिहिते.”

“काय लिहितेस?”

“ते तुला कशाला?”

“सांग ना.”

“काही नाही रे. आज काय केलं, गुडघा कसा आहे, तू कधी येणार. तू फोन उचलत नाहीस, कामात असतोस. मग कुणाला तरी सांगायचं म्हणून त्याला सांगते. त्याला काही काम नसतं.” ती हसली. मग आवाज बदलला. “निनाद, ते कुणी वाचत नाही ना रे? वरदा म्हणाली, तिथलं कुणाला दिसत नाही. पण तिला काय कळतंय? तू त्यातला आहेस, तुला माहीत असेल.”

माझी आई पातेल्याशी उभी होती. तौफीक आपल्या ताटाकडं बघत होता. मला त्या क्षणी सबनीसांची खरोखर दया आली. शंभर खाती ते कुठून काढणार होते, त्यात पालीचा खंडोबा निघाला असता की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांच्या आईनं त्यांना विचारलं होतं, आणि आमच्यासमोर विचारलं होतं.

“नाही आई,” ते म्हणाले. “कुणी वाचत नाही.”

“मग बरं. नीट जेव. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.”

फोन बंद झाला. सबनीसांनी उरलेली भाकरी सावकाश संपवली. भातही घेतला. आईनं न विचारता त्यांच्या भातावर तूप वाढलं, आणि तिनं आपणहून तूप वाढणं म्हणजे काय हे मला आणि तौफीकला माहीत होतं.

हात धुऊन आल्यावर ते मला म्हणाले, “त्या निरोपांना कुलूप घालायला किती वेळ लागेल? म्हणजे असं कुलूप, की लिहिणाऱ्याच्या फोनशिवाय कुठंच उघडणार नाही. तुमच्याकडे नाही, उद्या आमच्याकडेही नाही.”

“संध्याकाळपर्यंत होईल,” तौफीक म्हणाला. “पण मग तुम्ही वरच्यांना दाखवणार काय?”

“काहीच नाही. ही अकाउंट तपासता येत नाहीत, म्हणून त्यांची किंमत शून्य धरा, बाकीची खरी आहेत, असं लिहीन. पुसायची गरज नाही, उघडायचीही नाही. हे त्यांना चालेल बहुतेक. पण तुमचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग जाईल.” त्यांनी ओले हात रुमालाला पुसले. “मी आईला खोटं बोललो. ते संध्याकाळपर्यंत खरं करायचंय. तुम्ही दोघं बोलून ठरवा.”

तौफीकच्या घराचं काम स्लॅबपर्यंत येऊन अडलं होतं. या पैशातून वरचा मजला होईपर्यंत त्यानं लग्नाची तारीख पुढं ढकलली होती. मी त्याच्याकडं बघितलं. बोलायचं त्यानंच होतं.

“देवांना धरून भाव करणारे आपण कोण?” तो म्हणाला. “वरचा मजला होईल कधीतरी. अम्मीला कळलं तिचं बाबांना लिहिलेलं कुणी साहेब वाचतोय, तर ती मला खालच्या मजल्यावरपण घेणार नाही.”

दुपारभर आम्ही ते काम केलं. खाली मिरची कुटली जात होती, सबनीस शिंकत होते, आणि तरीही ते उठून हॉटेलवर गेले नाहीत. साडेपाचच्या सुमाराला सगळं तयार झालं. तौफीकनं बोट बटणावर ठेवलं.

“एकदा लावलं की आपल्यालापण नाही उघडता येणार,” तो म्हणाला. “कुणाचा फोन हरवला तर त्याचं लिहिलेलं गेलं.”

“ज्याला लिहिलं त्याला तर माहीत असेल,” मी म्हणाले.

“तुला काही बघायचं असेल तर आत्ताच.”

तो हे सहज म्हणाला नव्हता. आमचं घर, आमची आई, माझं हैदराबाद, सगळं त्याला माहीत होतं. मी नाही म्हणत नाही, माझा हात कीबोर्डकडं गेला. दोन ओळींचं काम. इतके दिवस ती माझ्याबद्दल काय विचार करते हे मला कळलं असतं, आणि तिला कधीच कळलं नसतं. मग मला दुपारचे तिचे लाल झालेले कान आठवले.

“लाव,” मी म्हणाले.

त्यानं बटण दाबलं.

वरच्यांनी दुसऱ्या दिवशी बरीच खळखळ केली, पण शेवटी मान्य केलं. सह्या झाल्या. मी त्या कंपनीत चार वर्षं काम केलं, कोल्हापुरात बसूनच. त्यांनी ‘आवतण’चे रंग बदलले, मग नाव बदललं, मग ते आपल्या दुसऱ्या एका ॲपच्या पोटात घातलं. अशा ॲपचं हेच होतं, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. आपलं लेकरू मोठ्या घरी दिल्यावर तिथं त्याला नवीन कपडे घालणारच. पण ‘फोन नसलेले वडीलधारे’ हा प्रकार अजून आहे आणि त्याचं कुलूपही. तौफीकचा वरचा मजला झाला, थोडा उशिरा झाला एवढंच. सबनीसांचं लग्नही झालं. त्यांनी पहिली पत्रिका द्यायला आईला घेऊन पालीला गेल्याचा फोटो मला पाठवला होता.

कुलूप लागलं त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर बसले.

“लावलं?” तिनं विचारलं.

“लावलं.”

“आता तुलाबी दिसत न्हाई?”

“नाही.”

“आधी दिसत हुतं?”

“बघितलं असतं तर दिसलं असतं.”

तिनं एक काडी मोडली. “बघितलंस?”

“नाही.”

“का?”

“भीती वाटली,” मी म्हणाले. “माझ्याबद्दल असणार हे माहीत होतं.”

“तुझ्याबद्दलच हाय. मला दुसरं काय हाय लिहायला?” ती मेथीकडं बघत बोलत होती. “घाई मीच केली, वैजू. तुझे बाबा म्हणत हुते, वरीसभर थांबूया, पोरगी आत्ता कुठं नोकरीला लागलीय. मीच म्हणलं, स्थळ चांगलं हाय, हातचं जाईल. तू बॅगा घेऊन परत आलीस, त्या दिवसापासनं त्याला विचारतीय, माझ्यामुळं झालं काय हे? रोज विचारतीय. रोज तेच.”

“काय म्हणाला तो?”

“त्यो काय म्हणतोय. ऐकतोय नुसतं.”

मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मला फक्त तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण मांडीवर मेथी होती.

“आई, स्थळ तू आणलंस. होकार मी दिला. मला आवडला होता तो तेव्हा, खरंच आवडला होता. पुढं जे बिघडलं ते आमच्या दोघांत बिघडलं. तुझं नाव माझ्या मनात कधी आलंसुद्धा नाही.”

तिचे हात थांबले. “खरं सांगतीयस?”

“जोतिबाशपथ.”

“मग हे आधी का न्हाई सांगितलंस?”

“तू मला विचारलंस कुठं? तू त्याला विचारत होतीस.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मीही हसले. शेजारीण खिडकीतून डोकावून गेली, तिला काय वाटलं असेल देव जाणे.

थोड्या वेळानं आईनं हात झटकले, चष्मा लावला आणि फोन घेतला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ती बराच वेळ लिहीत होती. मी मान वळवून दुसरीकडं बघत बसले. इतकी सवय मला झालेली होती.

“इकडं बघ,” ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढं धरला. “नीट लिहिलंय काय?”

तिनं लिहिलं होतं, ‘देवा, आज पोरीलाच विचारलं. माझं काय चुकलं न्हाई म्हणती. आता माझ्याकडं नको बघत बसू. दुसऱ्या कुणाचं तरी बघ.’

“नीट आहे,” मी म्हणाले. “पाठव.”